हवालदारांचे दोन घाट

हवालदारांच्या मनगटावर घड्याळ नसायचं आणि त्यांच्या टॅक्सीतून निघालेल्या माणसाची मिरजेची रेल्वे कधी चुकायची नाही. विट्यात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या, पण त्या शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत होतो, त्यामुळे मला असल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची खोड होती.

आमच्याकडची निम्मीअधिक घरं गलाईच्या धंद्यातली. घरातली कर्ती माणसं मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत कुठं कुठं सोनं गाळत बसलेली. जत्रेला, लग्नकार्याला ती गावी यायची आणि परत जाताना मिरजेला गाडी धरायची. त्यांना स्टेशनावर सोडणं हा हवालदारांचा धंदा. ट्रंका टपावर, लोणच्याच्या बरण्या पायाशी, मागच्या सीटवर डोळे पुसणारी बाई आणि पुढं आपल्या जुन्या अँबॅसडरचं चाक धरून अनवाणी पायांनी बसलेले हवालदार. चपला ते सीटखाली सारून ठेवायचे. "चप्पल घातली का पायाला गाडी कळत न्हाई," म्हणायचे. लष्करात तर बूट घालावेच लागत असतील, मग तिथं गाडी कशी कळायची, असं मी एकदा विचारलं. "तवा गाडी सरकारची हुती," ते म्हणाले.

मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तो पुण्याला परीक्षेला जाताना. वाटेत तासगावात त्यांनी गाडी थांबवली आणि एका म्हातारीशी वांग्यांवरून घासाघीस करत उभे राहिले. मी घड्याळ बघत होतो, खाकरत होतो, शेवटी दार उघडून खाली उतरलो. "बसा मास्तर. घड्याळाकडं बगून रेल्वे थांबत न्हाई," असं म्हणत त्यांनी एकेक वांगं निवडून घेतलं. मिरजेला पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागतच होती. आभार मानायचे सोडून मी त्यांच्यावर चिडलो. दहा मिनिटं आधी पोचवायला काय धाड भरली होती, म्हणालो. त्यावर ते शांतपणे जे बोलले ते मी पुढं नोकरीभर पोरांना ऐकवत आलो. "धा मिन्टं आदी पोचलं का मानूस च्या प्यायला उतरतो. अर्धा तास आदी पोचलं का कुनाशी तरी भांडान काढतो. येळंवर पोचला का गप गाडीत बसतो."

ही वेळ त्यांच्या अंगात मुरली होती ती हिमालयात. पंधरा वर्षं त्यांनी लष्कराचा ट्रक हाकला आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून घरी आले. तिकडं डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर ठरल्या वेळी वरच्या गाड्या सुटायच्या, ठरल्या वेळी खालच्या. लवकर पोचलं तर समोरून येणाऱ्या ट्रकशी गाठ, उशीर झाला तर ऊन चढून बर्फ सुटायचं. "घड्याळ थंडीनं बंद पडायचं, मास्तर. मग इंजनाचा आवाज मोजायची सवय लागली," असं ते सांगायचे. मी त्यांची परीक्षा घेऊन पाहिली आहे. गाडीत घड्याळ लपवून वेळ विचारायचो. फरक पडलाच तर अर्ध्याएक मिनिटाचा पडायचा, आणि तेव्हा मला माझ्या घड्याळाचा संशय यायचा.

ब्रेकला ते 'चुकीची कबुली' म्हणायचे. ब्रेक लावला म्हणजे आधी कुठंतरी हिशेब चुकला, असं त्यांचं शास्त्र. पुढचं वळण, वळणापलीकडचं गुरं वळणारं पोर, त्या पोराचं लक्ष कुठं आहे, हे सगळं त्यांना आधी दिसायचं आणि गाडी तेवढ्यापुरती आपोआप हळू व्हायची. मागं बसलेली बाई मिरजेपर्यंत झोपून जायची. वेग किती होता हे फक्त मला माहीत असायचं, कारण मी मैलाचे दगड मोजत असायचो.

असा माणूस मोटारींच्या शर्यतीत शिरला तो सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलामुळं. त्याला सगळे शेठ म्हणायचे. तरुण, देखणा, मोटारींचा शौकीन. त्या काळात साताऱ्याहून दरवर्षी एक शर्यत सुटायची. दिवसभर सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतून फिरून गाड्या परत साताऱ्याला यायच्या. तिचा नियम आमच्या लोकांना कधी कळला नाही, म्हणून तो आधी सांगून टाकतो. पहिला पोचेल तो जिंकला, असं त्यात नव्हतं. वाटेत चौक्या असायच्या आणि प्रत्येक चौकीवर नेमून दिलेल्या मिनिटाला हजर व्हायचं. उशिराला मिनिटामागं एक दंड, लवकर आलात तर दोन. फक्त दोन घाटांत निव्वळ वेग मोजायचे आणि सगळ्यात वेगवान गाडीहून जितकी मिनिटं जास्त लागतील तितका दंड. दिवसअखेर ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो पहिला.

ही शर्यत देवानं हवालदारांसाठीच काढली होती म्हणा ना. दोन वर्षं त्यांनी ती शेठच्या परदेशी गाडीतून चालवली. चौकी अर्ध्या मैलावर आली की गाडी थांबायची, हवालदार शेजारच्या सीटवर सरकायचे आणि शेठ चाकामागं बसून रुबाबात चौकीवर पोचायचे. दोन्ही वर्षी कप शेठच्या दिवाणखान्यात गेले. हवालदारांना मी विचारलं, हे कशाला केलंत? "गाडी लय झ्याक हुती, मास्तर. तिच्यासाठी गेलो," ते म्हणाले.

पण गावात त्यांनी खरं काय ते सांगितलं आणि तिथं घोटाळा झाला. विट्याच्या अलीकडं माळावर त्यांचं गाव. तिथं पेपर यायचा आणि पेपरात शेठचा फोटो होता. चावडीवर लोक हवालदारांना डोळे मिचकावून विचारायचे, काय हवालदार, औंदा कंचा घाट हाणला? घरी काकी, म्हणजे त्यांची बायको, तोंडाची फटकळ. "आवं, घरात बोलला तेवढं बास झालं. भाईर बोलू नगा, लोक हासत्यात," असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. हवालदार हसले नाहीत. प्लग पुसत होते ते पुसतच राहिले. काकी आत गेल्यावर म्हणाले, "मास्तर, एकदा शर्यतीच्या बोर्डावर नाव लागाय पायजे. कप नगं, हार नगं. नाव." एवढ्या वर्षांत त्या माणसानं काही हवं असल्याचं माझ्याजवळ बोलून दाखवलं ते तेवढंच.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन अर्ज भरला. गाडी त्यांची टॅक्सी, वेळेचा हिशेब ठेवायला शेजारी मी. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, कुणाच्या वतीनं आलात? "माज्याच," हवालदार म्हणाले. नाव सांगितलं, दगडू सखाराम जाधव. मलाही ते पूर्ण नाव तेव्हाच कळलं. गृहस्थ लिहिता लिहिता थांबले. "म्हणजे तुम्ही ड्रायव्हर आहात?" "व्हय. म्हनून तर आलोय," हवालदार म्हणाले. आसपास कारखानदार, बागायतदार, वकील असे बरेच मोठे लोक अर्ज भरत होते. कुणी तोंड फिरवून हसलं. मी रागानं लाल झालो. हवालदार मात्र अर्जावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत उभे होते.

हवालदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढं ते दक्षिणेत एका जुन्या विमानतळावरच्या शर्यतीतही हीच टॅक्सी घेऊन गेले आणि दुसरे आले, पण पेपरवाल्यांनी नाव भलतंच छापलं. मोटारींच्या शर्यतीवर बोलणारी जाणकार मंडळी मला अधूनमधून भेटतात. त्यांना हवालदार माहीत नसतात. मी वाद घालत नाही. त्यांच्यापैकी कुणी केळघरच्या घाटात हवालदारांच्या शेजारी बसलेलं नाही आणि मी बसलेलो आहे.

तर शर्यतीचा दिवस. उसाचा हंगाम, थंडी कडक. पहाटे साताऱ्याहून तीन तीन मिनिटांनी गाड्या सुटल्या. पहिली शेठची, यंदा ते स्वतःच चाकामागं. चौथी आमची. डिकीत हवालदारांनी ज्वारीची दोन पोती टाकली होती, "मागं वजन नसलं का गाडी ढुंगान हालवती" म्हणून. दहिवडी शून्य दंड, म्हसवड शून्य दंड. म्हसवडला सिद्धनाथाच्या कळसाला त्यांनी मान लववली, पण पायाखालची गती केसभरही कमी केली नाही. मी मांडीवर कोष्टक घेऊन मिनिटं सांगत होतो आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "व्हय, तेवढंच झालं."

मग त्यांचं गाव आलं. लांबूनच हलगी ऐकू आली. रस्त्यावर आंब्याच्या डहाळ्यांची कमान, कमानीखाली आडवी लावलेली बैलगाडी आणि अलीकडं आमच्या पुढं सुटलेल्या तिन्ही गाड्या उभ्या. सांगलीच्या शेठना खुर्चीवर बसवलं होतं. अर्धा फेटा त्यांच्या डोक्यावर होता आणि अर्धा बांधणाऱ्याच्या हातात. दुसऱ्या गाडीतले पुण्याचे दोघं हातात चहाच्या बश्या धरून केविलवाणे उभे होते. तिसऱ्या गाडीतले उठायला लागले की कुणीतरी आणखी एक हार घालून त्यांना खाली बसवत होतं. मला वाटलं, आनंदानं गावाला वेड लागलं.

तेवढ्यात सरपंच आबा आमच्या खिडकीशी आले. "हवालदार, खळ्यातनं वाट करून ठ्येवलीया. तुमी निगा म्होरं. यास्नी आमी बसवून ठ्येवतो. सत्कार हाय, न्हाई कोन म्हनंल?"

गावानं आपल्या परीनं सरळ गणित केलं होतं. जो पुढं जाईल तो जिंकेल, तर बाकीच्यांना मागं ठेवा. आणि तेही पाहुणचार करून, म्हणजे कुणाला राग यायला नको. मी कोष्टकावर नजर टाकली. विट्याच्या चौकीला नेमकी सात मिनिटं होती आणि खळ्यातली वाट मोकळी होती. कबूल करतो, मी "चला" म्हणालो.

हवालदारांनी इंजिन बंद केलं. "आबा, ह्यो सत्कार न्हवं. चोरी हाय."

"चोरी कसली गड्या? च्या पाजतुय की."

काकी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "आवं, गावानं एवढं केलंय तर निगा की गप," त्या म्हणाल्या.

"आन् मग नाव कुनाचं लागंल? माजं का ह्या बैलगाडीचं?" असं म्हणून हवालदार अनवाणीच खाली उतरले आणि गाडीचं जू धरून एकटेच ओढायला लागले. कुणी पुढं होईना. हलगी थांबली. मग दोघंतिघं खाली मान घालून आले आणि बैलगाडी बाजूला झाली. हवालदारांनी तिन्ही गाड्या आपल्या हातांनी वाट करून पुढं काढल्या. शेठच्या गाडीतून फेट्याचा शेव बाहेर फडफडत होता. त्या तिघी दिसेनाशा झाल्यावर ते परत येऊन चाकामागं बसले आणि काकींकडं न बघता गाडी सुरू केली.

विट्याला आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोचलो. त्या तिन्ही गाड्या अजून चौकीवरच होत्या, तक्रार सांगत. चौकीवर एक निवृत्त कर्नल बसले होते. हवालदार त्यांच्यापुढं ताठ उभे राहिले. "साब, गलती मेरे गांव की है. इन तीनों का लेट माफ करो." कर्नलांनी विचारपूस केली, तिघांचा दंड खोडला. मग त्यांनी विचारलं, "और तुम्हारा?" हवालदार म्हणाले, "मेरा लिखो, साब."  कोणती पलटण, एवढंच कर्नलांनी विचारलं आणि आमच्या नावापुढं अकरा लिहिले.

इस्लामपूरपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. अकरा दंड म्हणजे शर्यत संपली होती. महिनाभर रविवारी रविवारी रस्ते मोजून मी ती कोष्टकं केली होती, आणि हा माणूस स्वतःच्या हातानं त्यावर पाणी ओतून आला होता. वर मलाच म्हणाला, "मास्तर, तुमी रुसला तर येळ कोन सांगनार?" मी रागारागानं वेळ सांगितली. ती बरोबर निघाली. पुढं कऱ्हाडपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बाकीच्यांनी तिथं भोंगे वाजवून बैल बुजवले. हवालदार फक्त सगळ्यात पुढच्या गाडीवानाला हात करायचे, तो बाजूला घ्यायचा, आणि मागची सगळी रांग त्याच्यामागं डावीकडं सरकायची. कऱ्हाड शून्य, सातारा शून्य, मेढा शून्य.

आणि मग केळघरचा घाट. "चढताना गाडीला इचारायचं, उतरताना रस्त्याला," असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी गाडीला काय विचारलं कोण जाणे, पण ती म्हातारी टॅक्सी अशी काही वर निघाली की माझं कोष्टक खिडकीतून बाहेर गेलं. मी वळणं ओरडून सांगायला लागलो. "वळान मला दिसतंय मास्तर. तुमी निस्तं सैल बसा," ते म्हणाले. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं गिअर, आणि चेहरा तासगावात वांगी निवडताना होता तसाच. कड्याच्या बाजूला मागची चाकं खडीवर घसरायची आणि गाडीचं तोंड आपोआप पुढच्या वळणाकडं झालेलं असायचं. एका वळणावर आम्ही पुण्याची गाडी मागं टाकली. टाकली म्हणजे ती होती, आणि नंतर नव्हती. वर महाबळेश्वरच्या टोकाला वेळ मोजणाऱ्यानं हातातलं यंत्र बघितलं, हलवलं आणि कानाला लावून पाहिलं.

पाचगणीच्या पुढं पसरणीचा घाट उतरायचा होता. अख्ख्या घाटात त्यांनी ब्रेकला तीनदा पाय लावला. मी मोजले आहेत, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं. खाली वाई दिसायला लागली आणि मी मोठ्यानं हसत होतो. का हसतोय ते मला सांगता येत नव्हतं. मला माझ्या लग्नातही इतका आनंद झाला नव्हता, आणि हे मी बायकोला सांगितलेलं आहे.

साताऱ्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा शेठची गाडी आधीच येऊन उभी होती. ते आमच्या आधी सुटले होते, आधीच पोचणार. पण ट्रकमधून आलेल्या हवालदारांच्या गावाला एवढंच दिसलं की शेठ पहिला आला आणि हवालदार मागनं आले. चाळीसएक माणसं तोंडं पाडून गवतावर बसली होती. हलगीवाल्यानं हलगी उताणी ठेवली होती. "आमचं ऐकलं असतं तर..." आबा एवढंच म्हणाले.  घाटात सायलेन्सर सैल झाला होता. हवालदारांनी जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

तासाभरानं दोघांनी एक काळा बोर्ड आणून उभा केला. त्यावर नावं इंग्रजीत. गावातून आलेल्यांत कुणी इंग्रजी वाचणारं नव्हतं, आणि पहिलं कोण हे त्यांच्या लेखी केव्हाच ठरलेलं होतं. काकी तेवढ्या उठून माझ्याजवळ आल्या. "मास्तर, काय लिवलंय त्यावर?"

मी जवळ जाऊन वाचलं. मग सवयीप्रमाणं समोरच्या दंडाची बेरीज दोनदा करून पाहिली. अकरा आमचे होतेच, ते तसेच लिहिलेले. पण घाटांतला दंड आणि चौक्यांवर लवकर पोचल्याचा दुप्पट दंड मिळून बाकीच्यांचे त्याहून जास्त झाले होते. मी मागं वळून काकींना वरची ओळ वाचून दाखवली.

"पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचली.

"सासऱ्याचं नाव बी हाय त्यात?"

"आहे, काकी. मधे आहे."

शेठ माझ्या मागं उभे होते. फेटा काढून हातात धरला होता. "मला ठाऊक होतं, मास्तर," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं मलाच तर ठाऊक होतं."

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. काकींनी तर बावीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं की त्या शेजारणीला पुढं करायच्या. त्या बोर्डापासून सरळ चालत टॅक्सीजवळ गेल्या. गाडीखालून हवालदारांचे दोन काळे तळवे तेवढे बाहेर दिसत होते. काकींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळं गाव ऐकत असताना, मी वाचलं होतं तसंच, थांबत थांबत म्हणाल्या, "दगडू. सखाराम. जाधव."

गाडीखालून हातातला पाना खणकन पडल्याचा आवाज आला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं आतून उत्तर आलं, "हाजिर, साब." हवालदार सरपटत बाहेर आले आणि टाचा जुळवून, हात मांडीला लावून ताठ उभे राहिले. तोंडभर तेल माखलेलं.

"पयलं हाय," काकी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. गाव उठून धावत आलं, हलगी वाजायला लागली, आबांनी फेटा आणला. हवालदार मात्र सावधानमध्येच उभे होते. विश्राम म्हणायला तिथं कुणी नव्हतं.